घराला फुटले चार पाय

मागल्या दिवाळीत आमच्या घराला चार पाय फुटले. दोन चाके त्याला आधीपासून होतीच. तेव्हा हे घर म्हणजे एखादे चमत्कारिक जनावर असावे असा वाचकांचा समज होण्याआधी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतो. मी पडलो मराठीचा मास्तर. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल भरण्यापुरता. पण गेल्या वर्षभरात जॅक, बॅटरी आणि अँपिअर हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की वर्गात ‘शब्दयोगी अव्यय’ शिकवतानासुद्धा डोळ्यांपुढे ट्रेलरची कडी उभी राहते.

अलिबागच्या दक्षिणेला नागाव आहे, तिथे आमची वडिलार्जित नारळी-पोफळीची वाडी. जुनी माणसे अजूनही कुलाबा जिल्हा म्हणतात. त्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. वाडीत चिऱ्याच्या जोत्यावर कौलारू घर होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि दुपारपर्यंत त्या घराचे आढे मोडून पडले. अर्ध्या पोफळी आडव्या झाल्या. उरले काय, तर जोते, विहीर आणि तुळशीवृंदावन.

आई तेव्हापासून पुण्याला माझ्याकडे असते. वय सत्त्याहत्तर, गुडघे दुखतात, मधूनमधून चक्करही येते. पण बोलणे खणखणीत. दर दिवाळीला तिचे एकच मागणे असे. “आपल्या तुळशीपाशी पणती लावायची आहे. एक रात्र तिथं झोपायचं आहे. हॉटेलात नाही, शेजाऱ्यांकडे नाही, आपल्या जागेत.” आता घर बांधायचे म्हणजे पैसा लागतो आणि दोन भावांचे एकमत लागते. पैकी पैसा एक वेळ मिळतो. धाकट्याला सिमेंटचे घर हवे होते, मला कौलारू हवे होते. आणि या वादात चार पावसाळे त्या उघड्या जोत्यावरून गेले.

अशा वेळी बंधुराजांनी एक दिवस फोन केला. “दादा, घर घेतलं.”

“कुठे?”

“कुठेही!”

त्याने जुना ट्रेलर विकत घेतला होता. जीपच्या मागे कडीला अडकवून ओढायचे घर. लांबी चार मीटर, रुंदी दोन मीटर, वजन सामानासकट बाराशे किलोच्या आसपास. आत दोन बाके-कम-पलंग, ओटा, लहानसा परदेशी फ्रिज आणि खिडक्यांना पडदे. त्याची नोंदणी जीपहून वेगळी असते, हेही मला तेव्हाच कळले. किंमत किती, हे बंधूंनी वहिनींना अजून सांगितलेले नाही. तेव्हा मीही इथे लिहीत नाही.

मौजेखातर घर ओढत नेण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून असे घर बांधून घेतले. नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. दोन घोडे जोडून, बरोबर एक सारथी, एक नोकर, कुत्रा आणि पोपट घेऊन स्वारी स्कॉटलंडपर्यंत जाऊन आली. या घराला तो जमिनीवरचे जहाज म्हणे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी केरळानेही आणले. पण आमच्या बंधूंना धोरणाचे काही नव्हते. त्यांना आईला वाडीत न्यायचे होते.

माघ महिन्यात आम्ही निघालो. वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड करीत ट्रेलर नागावात पोहोचला. वाडीच्या बेड्यातून आत घेताना दोन नारळींची साले निघाली, पण आला. तुळशीच्या शेजारी उभा केला. आईने पायरीवर पाय ठेवण्याआधी त्याला हळदकुंकू वाहिले. इथपर्यंत सगळे छान झाले.

रात्री मात्र रंग दिसू लागला. वाडीची जमीन डोळ्यांना सपाट वाटते, पण ती तशी नसते. विहिरीकडून समुद्राच्या बाजूला तिला उतार असतो, नाहीतर शिंपण्याचे पाणी शेवटच्या झाडापर्यंत जाणार कसे? बंधूंनी मोबाईलवर मोजले तर उतार पाच अंशांचा. पाच अंश म्हणजे काहीच नाही, असे मला वाटले. पण दोन मीटर रुंदीच्या घराला पाच अंश म्हणजे एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा सतरा सेंटिमीटर खाली, जवळजवळ एक वीत! वाटी ओट्यावरून घरंगळली. दार आपोआप उघडू लागले. फ्रिजने रात्री दहाला मान टाकली आणि सकाळी दूध नासले.

फ्रिजचे कारण मला पुढे समजले. १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या पद्धतीचा तो फ्रिज. त्याला यंत्राचा पंप नाही. आतले अमोनियाचे पाणी उष्णतेने तापवायचे. वाफ निघते, थंड होते, आणि द्रव आपल्या वजनाने नळ्यांतून खाली ओघळत फिरत राहतो. घर कलले की नळीत द्रव साचतो आणि फिरणे थांबते. खालून तापवणे चालूच राहिले तर असा फ्रिज कायमचा बिघडतोही.

फ्रिजचे ठीक आहे. पण आई रात्रभर खिडकीची चौकट धरून पडली होती. अंथरुणातून घसरल्यासारखे होई आणि डोळे मिटले की चक्कर येई. सकाळी ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “अरे, घरात यायचं म्हणून आले होते. रात्रभर होडीत होते.” त्याच दिवशी ती पुण्याला परतली. पुन्हा ट्रेलरचे नाव काढू नका, असेही बजावले.

महिन्याने आम्ही दोघे भाऊच गेलो. शेजारच्या वाडीतले काका आमच्या वडिलांच्या वयाचे. वाडीवर लक्ष तेच ठेवतात. आमचा बेत सोपा होता. मोटारीचा जॅक लावून खालची बाजू उचलायची आणि खाली चिरे रचायचे. बैलगाडीचे बैल सोडले की पुढे लाकडी टेकू देतात, तसेच हे, असे मी म्हणालो. जीप सोडवली, जॅक लावला, घर वर येऊ लागले. एक चिरा बसला. दुसरा ठेवायला बंधू चौकटीखाली शिरले. तेवढ्यात काका कुंपणापलीकडून ओरडले, “आधी बाहेर ये! चाकाला काय लावलंयस?”

चाकाला काहीच लावले नव्हते. तो बाहेर येतो न येतो तोच जॅक कलंडला, ट्रेलर चिऱ्यावरून निसटला आणि उताराने दोन हात पुढे जाऊन नारळीला टेकला. कुणाला खरचटलेही नाही. पण ते दोन हात अंतर म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे अर्ध्या मिनिटापूर्वी माझ्या पाठच्या भावाची छाती होती. काकांनी आम्हाला चहा दिला आणि एकच वाक्य सांगितले: “गाडी उचलायच्या आधी गाडी अडवायची.” हे वाक्य पुढे आमच्या सगळ्या कामाचे मंगलाचरण ठरले. आईला आम्ही ही गोष्ट सांगितली नाही. हा अंक तिच्या हाती पडला की सांगावी लागेल.

यानंतर विजेवर चालणाऱ्या जॅकचा विचार सुरू झाला. त्यातली पहिली गोम अशी, की ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे पाय सहसा असतात ते घर उचलण्यासाठी नसतातच. माणूस आत चालला की घर डुलते. ते डुलणे थांबवण्यापुरता तो टेकू. त्यांच्यावर सगळा भार टाकून घर उचलू गेले तर ते वाकतात किंवा चौकट पिळवटते. भार उचलणारे जॅक वेगळे, जाड आणि वजनदार. एका कोपऱ्यावर चारशे-पाचशे किलो येऊ शकतात हे धरून आम्ही एक एक टन पेलणारे चार घेतले, स्क्रूचे. मोटर फिरते, दातेरी चाके तिचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि आटे पाडलेला दांडा खाली उतरतो. आटे इतके दाट असतात, की वीज गेली तरी भाराने दांडा उलटा फिरत नाही. पाय जिथे आहे तिथेच राहतो. शिवाय प्रत्येकाला हाताने फिरवायचा दांडाही असतो. कोकणात हा दुसरा दांडा पाहूनच यंत्र घ्यावे.

अलिबागेतल्या एका कारागिराच्या शेडमध्ये दोन रविवार काम चालले. मी पाने आणून देण्याचे काम केले. तरी काही गोष्टी ध्यानात राहिल्या त्या सांगतो, कारण हौसेने असे घर घेणारे पुष्कळ निघू लागले आहेत.

जॅक घराच्या पत्र्याला किंवा तळाच्या फळ्यांना लावायचे नसतात. खालच्या पोलादी चौकटीलाच जाड पट्ट्या देऊन लावायचे. भोके चौकटीच्या उभ्या बाजूला पाडायची. वरच्या-खालच्या पट्टीला पाडली तर चौकटीचा जोरच जातो. भोकाच्या कडेला लगेच जस्ताचा रंग. कुठे वेल्डिंग करावेच लागले तर आधी बॅटरीची तार सोडवायची. आणि पाय दुमडून वर जाणारे हवेत, कारण आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक लोंबणारी वस्तू शिल्लक ठेवीत नाहीत.

विजेची गंमत याहून मोठी. अलिबाग आणि वीज यांचे नाते तसे विरोधाचे. मुंबईत विजेची ट्रॅम येणार, तिच्याने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ साली अलिबागला हलवले. ट्रॅम धावली १९०७ साली. अशा गावात बंधू मला बॅटरी शिकवू लागले. आमची बॅटरी बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची. भार उचलताना एक जॅक पंचवीस अँपिअर घेतो असे धरले आणि अर्धा मिनिट चालला, तर खर्च पाव अँपिअर-तासाहूनही कमी. चारही पाय उतरवून पुन्हा वर घेतले तरी शंभरातले दोनसुद्धा संपत नाहीत. मग अडचण कुठे? अडचण तारेत.

मागचा जॅक बॅटरीपासून सहा मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन तार बारा मीटर. घरात वापरतो तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लावली, तर पंचवीस अँपिअरला तारेतच दोन व्होल्टहून अधिक खर्ची पडतात. बारातले दहाच मोटरपर्यंत पोहोचतात. मोटर कण्हते आणि तापते. दहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर हेच नुकसान अर्ध्या व्होल्टवर येते. मला हे दोनदा सांगावे लागले. काकांना एकदाच पुरले. ते म्हणाले, “पाट अरुंद असला तर शेवटच्या पोफळीला पाणी कुठून पोहोचणार?” यापरता चांगला विजेचा धडा मी ऐकलेला नाही. अशी जाड तार घातली, की बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवायलाच हवा. तार कुठे घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी तो गेला पाहिजे.

पायाखालची जमीन ही तिसरी गोष्ट. जॅकचा तळवा पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद. त्यावर चारशे किलो आले तर वाडीच्या भुसभुशीत रेताड मातीत तो खुंटीसारखा रुतत जाईल. खाली पंचेचाळीस सेंटिमीटरची चौकोनी जाड फळी ठेवली, की क्षेत्रफळ नऊपट होते आणि जमिनीवरचा दाब एक-नवमांश. उंटाचा पाय रुंद का, हे मला वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी कळले.

आणि खारा वारा. या किनाऱ्यावर लोखंड जगते ते निगराणीवर. प्रत्येक फेरीनंतर जॅक गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, आट्यांना ग्रीस लावायचे. तारांच्या टोकांनाही लावायचे. समुद्राच्या वाळूवर ट्रेलर नेण्याचा मोह तर मुळीच धरू नये. भरतीत अडकलेल्या मोटारींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतातच; ओली वाळू ना चाकाला आधार देते ना पायाला.

आता एवढे सगळे बसवले म्हणजे बटण दाबताच घर सरळ होते, असे मला वाटले होते. तसे नसते. जॅकनेच सतरा सेंटिमीटर उचलू गेले तर खालच्या बाजूचे चाक जमिनीवरून सुटते; आणि सुटलेल्या चाकाला ना ब्रेकचा उपयोग ना पाचरीचा. म्हणून मोठा फरक आधी फळ्यांनी काढायचा. आमचा क्रम असा ठरला: प्रथम खालच्या चाकाखाली फळ्या घालून त्यांवर ट्रेलर चढवायचा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी. त्यानंतरच जीपची कडी सोडायची. मग पुढच्या टेकूने लांबीचा समतोल. सर्वांत शेवटी विजेचे जॅक, आणि तेही एकेकटे नव्हेत, एका बाजूची जोडी एकदम. चौकट पिळवटली आहे की काय, हे दाराला विचारायचे: दार अडकले तर कुठेतरी चुकले. चाके जमिनीला टेकलेली राहिलीच पाहिजेत. उचललेल्या घराखाली कुणीही, कशासाठीही शिरायचे नाही. आणि निघताना पाय वर घेतल्यावाचून जीप सुरू करायची नाही. बंधूंनी जीपच्या काचेवर चिठ्ठी डकवली आहे: ‘पाय वर?’

म्हणजे पाहा, विजेच्या वाट्याला आला तो शेवटचा थोडा भाग. बाकी सगळे काम पाहणाऱ्याच्या डोळ्याचे, फळीचे आणि पाचरीचे. पण त्या शेवटच्या थोड्या भागानेच आईची झोप हिरावली होती.

धनत्रयोदशीला आईला घेऊन आलो. येते म्हणायला तिने आठ दिवस घेतले. ती खुर्चीवर बसून पाहत होती. फळ्या झाल्या, पाचरी झाल्या, कडी सुटली. बंधूंनी बटण दाबले. मोटरचा घुर्र आवाज झाला आणि घर सावकाश, अदबीने सरळ होऊ लागले. बंधूंनी मोबाईल दाखवला, मी गवंड्याची पाणसळ धरली, बुडबुडा मधोमध आला. आईने दोन्हींकडे पाहिले नाही. तिने फुलपात्र काठोकाठ भरून ओट्यावर ठेवले आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली. पाणी चारी काठांना सारखे लागले होते. “बरं आहे,” ती म्हणाली, आणि पिशवी आत घेऊन गेली.

त्या रात्री आमच्या सौ. दोनदा उठून पाहून आल्या. आई झोपली होती आणि तिचे दोन्ही हात पांघरुणात होते. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी पणती लागली. ती एका रात्रीसाठी आली होती, ती तुळशीचे लग्न लावूनच निघाली. पावसाळ्यात ट्रेलर तिथे ठेवायचा नाही हे आमचे ठरलेले आहे. वादळवाऱ्यापुढे चार जॅकांची मातबरी किती, ते पडलेले घर रोज समोर दिसतच असते.

भाऊबिजेच्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. आई जोत्याकडे पाहत म्हणाली, “एवढं शिकलात, तर हेही मोजा की.” काकांनी पारदर्शक नळी आणली, पाणी भरले. नळीची दोन टोके दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहते. जुन्या जोत्याचा समुद्राकडचा कोपरा चार बोटे खचलेला निघाला. तो आधी उचलून घ्यावा लागेल. वर कौले येवोत की सिमेंट. एकमत अजून झालेले नाही. पण ती नळी एकट्याला धरता येत नाही. त्या संध्याकाळी तिचे एक टोक माझ्या हातात होते, दुसरे धाकट्याच्या, आणि आई मध्ये उभी राहून सांगत होती, “हलवू नका रे, पाणी स्थिर होऊ दे.”